कॉम्प्युटरवरून फॅक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लँडलाइनला मोडेम (कॉम्प्युटरचे बिट फोनवरच्या सुरांत आणि सुरांचे परत बिटांत करणारं यंत्र) जोडून कॉम्प्युटरवरून फॅक्स कसा जातो, कसा येतो आणि मध्येच का तुटतो, याबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरीच वर्षं फॅक्स सर्व्हर सांभाळल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. फॅक्समधला चित्राचा भाग सोपा आहे, अवघड आहे तो वेळेचा भाग. कोणत्या यंत्राने कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, किती मिलिसेकंद थांबायचं, यावरच सगळं चालतं. त्यामुळे खालची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतील.

फॅक्स अजून वापरतं तरी कोण?

जपानमधली कार्यालयं, जर्मनीतली सरकारी खाती, अमेरिकेतली रुग्णालयं आणि औषधांची दुकानं. ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेला तर जानेवारी २०१९पासून नवीन फॅक्स मशीन विकत घ्यायला मनाई करावी लागली, इतकी ती तिथे मुरली होती. आपल्याकडे नव्वदच्या दशकात एसटीडी-आयएसडी-पीसीओच्या बूथवर पानाप्रमाणे पैसे देऊन फॅक्स करता यायचा. ते सगळं काम आता ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपकडे गेलं आहे. तरी परदेशातल्या जुन्या ग्राहकांशी किंवा तिथल्या रुग्णालयांशी ज्यांचा व्यवहार आहे, त्यांना आजही फॅक्स नंबर ठेवावा लागतो.

कॉम्प्युटरवरून फॅक्स पाठवायला काय काय लागतं?

चालू लँडलाइन, फॅक्स मोडेम आणि सॉफ्टवेअर. विंडोजमध्ये व्हिस्टापासून 'विंडोज फॅक्स अँड स्कॅन' मिळतं. लिनक्सवर हायलाफॅक्स, ईफॅक्स किंवा एमगेटी वापरतात. यांतलं हायलाफॅक्स सॅम लेफ्लर यांनी सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असताना लिहिलं. एका सर्व्हरला अनेक मोडेम जोडायचे आणि कार्यालयातल्या सगळ्यांनी ते वापरायचे, असं काम असेल तर माझ्या मते अजूनही त्याला तोड नाही.

ही कल्पना तशी जुनी आहे. कॉम्प्युटरच्या आत बसणारं पहिलं फॅक्स कार्ड गॅमालिंक या अमेरिकी कंपनीने १९८५मध्ये आणलं. पुढे कॅनडातल्या डेलरिनाचं विनफॅक्स जगभरच्या कार्यालयांत पोचलं.

माझ्या लॅपटॉपला मोडेमच नाही.

यूएसबी मोडेम घ्या. घेताना तो फॅक्ससाठी 'क्लास १' चालवतो का, ते बघा (क्लास म्हणजे काय ते पुढे येईल). सिरीयल पोर्टचा जुना बाहेरचा मोडेम चांगल्या स्थितीत मिळाला, तर मी तोच निवडीन. त्याच्यात स्वतःचा प्रोसेसर असतो, त्यामुळे कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतला तरी त्याचे सूर बिघडत नाहीत.

मोडेम ५६ केचा, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटांचा आहे. मग फॅक्स १४,४००नेच का जातो?

५६ केचा वेग फक्त इंटरनेट कंपनीकडून तुमच्याकडे येणाऱ्या माहितीला मिळायचा, कारण कंपनीचं टोक एक्स्चेंजला डिजिटल जोडलेलं असायचं. दोन घरगुती लाइनींमध्ये तो मिळत नाही. फॅक्सचे वेग वेगळ्या नियमांनी ठरलेले आहेत: २,४०० आणि ४,८००, मग ७,२०० आणि ९,६००, मग १२,००० आणि १४,४०० बिट प्रति सेकंद. सुपर जी-३ प्रकारची यंत्रं ३३,६००पर्यंत जातात, पण त्यासाठी लाइन अगदी स्वच्छ लागते.

फॅक्स लागल्यावर जो किंचाळल्यासारखा आवाज येतो, त्यात चाललेलं काय असतं?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

तुमचा मोडेम नंबर फिरवतो आणि दर तीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्झचा सूर काढत राहतो. 'मी माणूस नाही, फॅक्स आहे' हे सांगायची ही पद्धत. पलीकडचं यंत्र फोन उचलतं आणि २१०० हर्ट्झचा एक सलग सूर तीनेक सेकंद देतं. इथपर्यंत नुसती ओळख झाली.

मग घेणारं यंत्र बोलायला लागतं, तेही अगदी संथ, सेकंदाला ३०० बिटांनी. १६५० हर्ट्झ म्हणजे १, १८५० हर्ट्झ म्हणजे ०. कानाला ती किलबिल वाटते. त्यात ते आपला नंबर सांगतं आणि आपल्याला काय काय जमतं त्याची यादी देतं: कोणते वेग, कागदाची रुंदी, बारीक दर्जा चालतो का, चूक दुरुस्त करता येते का, एक ओळ छापायला किती वेळ लागतो. या यादीला डीआयएस म्हणतात. पाठवणारा त्यातून आपल्याला झेपेल ते निवडतो आणि 'आता असं करू' असा निरोप देतो, तो डीसीएस. निवड पाठवणाऱ्याची असली तरी यादी घेणाऱ्याची असते, हे लक्षात ठेवा. पुढे बिघाड शोधताना याचा उपयोग होतो.

यानंतर पाठवणारा सुमारे ७५ मिलिसेकंद गप्प बसतो. मग ठरलेल्या वेगाने दीड सेकंद नुसती शून्यं पाठवतो. ही परीक्षा असते. घेणाऱ्याला ती शून्यं स्वच्छ मिळाली तर तो होकार देतो. खरखरीमुळे त्यात मध्येच १ मिसळले तर नकार देतो, आणि पाठवणारा १४,४००वरून १२,०००वर, तिथून ९,६००वर असं खाली उतरत पुन्हा परीक्षा देतो. तुम्हाला तोच 'खर्रर्र' दोन-तीनदा ऐकू आला, तर लाइन चांगली नाही असं समजा.

होकार मिळाला की पान जातं. पान संपल्यावर पाठवणारा पुन्हा ३०० बिटांच्या संथ भाषेत सांगतो, 'अजून पान आहे' किंवा 'झालं'. घेणारा 'मिळालं' अशी पोच देतो. शेवटचं पान असेल तर पाठवणारा निरोप घेतो आणि फोन ठेवतो.

या सगळ्या बोलण्याचे नियम टी.३० या आंतरराष्ट्रीय प्रमाणात आहेत, आणि पानाचं चित्र कसं लिहायचं ते टी.४मध्ये. दोन्ही १९८०मध्ये 'ग्रुप ३' या नावाने आले. त्याआधी ग्रुप १मध्ये एका पानाला सहा मिनिटं लागायची, ग्रुप २मध्ये तीन. ग्रुप ३ने ते काम मिनिटाच्या आत आणलं, आणि आजचं फॅक्स यंत्रही मुळात हीच भाषा बोलतं.

पानाचे बिट कसे होतात?

फॅक्सला अक्षरं कळत नाहीत. तुम्ही वर्डमधलं पत्र पाठवा नाहीतर सहीचा कागद स्कॅन करून पाठवा, सॉफ्टवेअर त्याचं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र करतं. ए४ पानाच्या एका ओळीत १७२८ ठिपके बसतात. साध्या दर्जात उभ्या दिशेने दर मिलिमीटरला ३.८५ ओळी, म्हणजे पूर्ण पानात ११४३च्या आसपास. गुणाकार केला तर जवळपास १९ लाख ७५ हजार ठिपके होतात. हे जसेच्या तसे ९,६०० बिटांच्या वेगाने पाठवले तर एका पानाला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतील.

म्हणून ठिपके एकेक करून पाठवत नाहीत. 'इतके पांढरे, मग इतके काळे, मग इतके पांढरे' असे गट मोजतात आणि प्रत्येक लांबीसाठी ठरलेला संकेत लिहितात. जी लांबी वारंवार येते तिचा संकेत छोटा. पूर्ण कोरी ओळ, म्हणजे सलग १७२८ पांढरे ठिपके, फक्त १७ बिटांत मावते. ओळ संपल्याची खूण म्हणून अकरा शून्यं आणि एक १ असे आणखी १२ बिट.

याच्या पुढची पद्धत वरच्या ओळीकडे बघून खालची ओळ लिहिते. पांढऱ्याचं काळं जिथे वर झालं, तिथेच खालीही झालं, तर त्याला एकच बिट पुरतो. मराठी मजकुरात याचा फायदा डोळ्यांना दिसतो. काना म्हणजे सरळ उभी रेघ, त्यामुळे तिच्या दोन्ही कडा ओळीमागून ओळ एकेका बिटात उरकतात. शिरोरेषेच्या ओळीत शब्दाच्या लांबीएवढे सलग काळे गट येतात, तेही थोडक्यात आटोपतात. खरा खर्च होतो तो वळणदार भागात: 'क्ष', 'ज्ञ', 'ह', आणि जोडाक्षरांच्या गाठींत.

फोटो मात्र टाळा. राखाडी छटा दाखवायला सॉफ्टवेअर काळे-पांढरे ठिपके विखरून टाकतं. मग गट एक-दोन ठिपक्यांचे होतात आणि पान लहान व्हायच्या ऐवजी उलट फुगतं.

मराठी पत्रासाठी साधा दर्जा ठेवू की बारीक?

बारीक. बारा पॉइंटच्या मजकुरात अनुस्वाराचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर असतो, म्हणजे साध्या दर्जात त्याच्या वाट्याला दोनच ओळी येतात. थोडी खरखर झाली की 'नंदा'ची 'नदा' होते. रफार, चंद्रकोर आणि उकार यांचंही तेच. बारीक दर्जात मिलिमीटरला ७.७ ओळी मिळतात. वेळ जास्त लागतो, पण मजकूर वाचता येतो.

कोऱ्या जागेला इतके थोडे बिट लागतात, तरी जवळजवळ रिकामं पान भरभर का जात नाही?

कारण पलीकडे कागद सरकवणारी मोटर असू शकते. जुनं यंत्र यादीतच सांगतं, 'मला एका ओळीला किमान २० मिलिसेकंद द्या.' ९,६००च्या वेगात २० मिलिसेकंद म्हणजे १९२ बिट. कोरी ओळ खुणेसकट २९ बिटांत झाली, तरी उरलेली जागा पाठवणाऱ्याला शून्यांनी भरावी लागते. तसं केलं नाही तर समोरच्या मोटरला वेळ पुरत नाही आणि ओळी गळतात. पलीकडेही कॉम्प्युटरच असेल तर तो 'शून्य मिलिसेकंद' सांगतो आणि पान सरसर जातं.

क्लास १, क्लास २, क्लास २.० हा काय प्रकार आहे?

कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यात कामाची वाटणी कशी करायची, त्याचे हे प्रकार. मोडेमला 'एटी+एफक्लास=?' अशी आज्ञा दिली की तो कोणकोणते क्लास चालवतो ते सांगतो.

क्लास १मध्ये मोडेम फक्त सूर काढतो आणि ऐकतो. टी.३०चं सगळं बोलणं कॉम्प्युटर करतो. ७५ मिलिसेकंदांची ती शांतता सुद्धा कॉम्प्युटरलाच पाळावी लागते, 'एटी+एफटीएस=८' म्हणजे ८० मिलिसेकंद गप्प, अशा आज्ञा देऊन. क्लास २मध्ये बोलणं मोडेमच्या आतच होतं, कॉम्प्युटरने नुसतं चित्र पुरवायचं. पण क्लास २चा मसुदा पक्का व्हायच्या आधीच चिप बनवणाऱ्यांनी तो उचलला, आणि शेवटी ठरलेलं प्रमाण त्याहून वेगळं निघालं. म्हणून त्याला २.० असं निराळं नाव द्यावं लागलं. क्लास २चे दोन मोडेम एकसारखे वागतील याची खात्री नसते.

माझी पसंती क्लास १ला. चूक झाली तर ती सॉफ्टवेअरमध्ये दिसते आणि सुधारता येते. क्लास २मध्ये मोडेमच्या आत चुकलं तर आपल्या हातात काही नसतं. त्याची किंमत मात्र एक आहे: कॉम्प्युटरने वेळ पाळली पाहिजे. एका कार्यालयातले फॅक्स रोज सकाळी दहाच्या सुमाराला तुटायचे, एरवी नीट जायचे. लाइनमनने जोडण्या तपासल्या, मोडेम बदलून झाला. शेवटी कारण निघालं ते असं की त्याच जुन्या कॉम्प्युटरवर दहा वाजता अँटिव्हायरसची तपासणी सुरू व्हायची. डिस्क गुंतली की सॉफ्टवेअरचं उत्तर उशिरा निघायचं आणि पलीकडचं यंत्र वाट बघून फोन ठेवायचं. तपासणी रात्रीवर टाकली आणि फॅक्स सुरळीत झाले.

ईसीएम म्हणजे काय? चालू ठेवू का?

ईसीएम म्हणजे चूक दुरुस्त करायची पद्धत. ती चालू ठेवा. ईसीएम नसताना लाइनवर खट्ट झालं की त्या जागेच्या ओळी बिघडतात, आणि कधी कधी त्या बिघाडासकट पान 'मिळालं' म्हणून स्वीकारलं जातं. ईसीएममध्ये चित्राचे २५६ बाइटांचे तुकडे करतात आणि प्रत्येकाबरोबर तपासणीचा आकडा जातो. २५६ तुकड्यांचा एक ठोकळा गेला की घेणारा नेमके कोणते तुकडे खराब आले ते कळवतो, आणि तेवढेच पुन्हा जातात. बिलातला, औषधाच्या मात्रेतला एक आकडा पुसट झाला तर काय होऊ शकतं ते सांगायला नको.

घरात एकच लाइन आहे. बोलणं आणि फॅक्स दोन्ही तिच्यावर होईल?

होईल. कॉम्प्युटर फोन उचलतो आणि ११०० हर्ट्झचा सूर येतो का ते ऐकतो. आला तर फॅक्स घेतो, नाही तर फोन माणसाकडे सोपवतो. पण हाताने लावलेल्या काही फॅक्समध्ये हा सूर नसतो, तेव्हा ओळख चुकते. दोन गोष्टी नक्की करा: कॉल वेटिंग बंद ठेवा, आणि फॅक्स चालू असताना दुसऱ्या खोलीतला फोन कोणी उचलणार नाही असं बघा. त्या एका 'हॅलो'ने पान बिघडतं.

लँडलाइन फायबरवर गेली आणि तेव्हापासून फॅक्स तुटायला लागले. का?

सध्या सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. भिंतीवरच्या फायबरच्या पेटीतून फोनची तीच जुनी वायर निघते, डायल टोनही तोच, त्यामुळे काही बदललंय असं वाटत नाही. पण पेटीच्या पुढे तुमचा आवाज आता इंटरनेटच्या पद्धतीने, बहुधा वीस-वीस मिलिसेकंदांच्या पाकिटांतून जातो.

पाकिटं कधी लवकर पोचतात, कधी उशिरा. ती सारखी करायला पलीकडे थोडा साठा ठेवतात, आणि तो कमी-जास्त झाला की आवाजातला एखादा बारीक भाग गाळतात किंवा दोनदा वाजवतात. माणसाच्या कानाला ते कळतही नाही. मोडेमला मात्र एवढं पुरतं, त्याचा ताल सुटतो. भर म्हणून कंपनी जी.७२९सारखी आवाज दाबणारी पद्धत वापरत असेल, तर फॅक्सची आशाच सोडा. ती पद्धत माणसाच्या बोलण्याचे गुणधर्म गृहीत धरून ६४ हजार बिटांचं काम ८ हजारांत करते. मोडेमचे सूर तिच्यातून ओळखू येतील असे उरत नाहीत.

यावर खरा उपाय टी.३८. हे प्रमाण १९९८चं. यात सुरांचा आवाज पाठवतच नाहीत. पेटी फॅक्सचे सूर ऐकून त्यातले बिट काढते आणि ते बिट पाकिटांत घालते, आधीचे बिट पुढच्या पाकिटात पुन्हा जोडून, म्हणजे एखादं पाकीट हरवलं तरी चालतं. कंपनीकडे टी.३८ची सोय आहे का, ते आधी विचारा. नसेल तर निदान आवाज न दाबणारी, ६४ हजार बिटांची जी.७११ पद्धत ठेवायला सांगा. आपल्या बाजूने वेग ९,६००वर बांधून टाका आणि सुपर जी-३ बंद करा. काही जण अशा लाइनवर ईसीएम बंद करायला सांगतात. त्याने फोन पूर्ण होतो हे खरं, पण पानातल्या ओळी गळतात. मी तो सल्ला देत नाही.

मोबाइलवरून, लॅपटॉप जोडून फॅक्स जाईल?

मोबाइलच्या साध्या कॉलवरून नाही. मोबाइलमधला आवाज बोलण्यापुरता दाबलेला असतो. फॅक्सची अ‍ॅप पान इंटरनेटने कुठल्यातरी सर्व्हरला देतात आणि तो सर्व्हर खऱ्या लाइनवरून फॅक्स करतो.

आलेलं पान स्क्रीनवर चपटं दिसतं.

साध्या दर्जात आडवे ठिपके इंचाला २०४ आणि उभे फक्त ९८. ठिपका चौकोनी नसतो. चित्र उघडणाऱ्या सॉफ्टवेअरने हे लक्षात घेतलं नाही तर पान निम्म्या उंचीचं दिसतं. फाइल टिफ असते. ती पीडीएफ करून घ्या, ठीक दिसेल.

फॅक्स पोचला हे नक्की कसं कळतं?

प्रत्येक पानानंतर येणाऱ्या पोचेवरून. ईमेलमध्ये पत्र वाटेत अडकलं तर तास न् तास कळत नाही, फॅक्समध्ये त्याच फोनवर कळतं. २१ नोव्हेंबर २०१८ला महबूबा मुफ्ती यांचं सरकार स्थापनेच्या दाव्याचं पत्र जम्मू-काश्मीरच्या राजभवनात फॅक्सने जात नव्हतं, तेव्हा ते त्यांना लागलीच कळलं आणि त्यांनी ते ट्विटरवर टाकलं. त्याच रात्री विधानसभा बरखास्त झाली.

पण पोच यंत्राने दिलेली असते. कागद माणसाच्या हातात पडला की नाही, ते यंत्राला माहीत नसतं.

फॅक्स सुरक्षित असतो का?

समजतात तितका नाही. साधा फॅक्स एन्क्रिप्ट केलेला नसतो. तुमच्या वायरीवर कोणी आवाज टेप केला तर त्यातून पान परत काढता येतं. पानाच्या माथ्यावरचा नंबर पाठवणाऱ्याने स्वतःच भरलेला असतो, तो पुरावा धरू नका. ऑगस्ट २०१८मध्ये चेक पॉइंट कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की नुसता फॅक्स नंबर माहीत असेल तर रंगीत फॅक्सच्या वाटेने एचपीच्या काही प्रिंटरांचा ताबा घेता येतो. एचपीने दुरुस्ती दिली. तरीही फॅक्स घेणारं यंत्र कार्यालयाच्या मुख्य नेटवर्कपासून वेगळं ठेवावं, असंच मी सांगेन.

फॅक्स तुटला. लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदींत, काय बघू?

तुटला कुठे, ते बघा. समोरची यादीच आली नसेल, तर पलीकडे फॅक्स नाही, माणसाने किंवा आन्सरिंग मशीनने फोन उचलला आहे. यादी आली पण परीक्षेत वेग उतरत उतरत तुटला, तर लाइन खराब आहे. आधी स्वतःच्या घरातले स्प्लिटर आणि जुन्या जोडण्या काढून बघा. पान जाताना दर वेळी वेगवेगळ्या जागी तुटत असेल तर संशय पाकिटांवर किंवा कॉल वेटिंगवर घ्या. आणि सगळं पान गेलं, पण शेवटची 'मिळालं' ही पोच आली नाही, असं दिसलं तर लगेच पुन्हा पाठवू नका. समोर फोन करून विचारा, कारण पुष्कळदा पान त्यांच्याकडे छापून निघालेलं असतं आणि दुसऱ्यांदा पाठवलं तर एकाच ऑर्डरचा माल दोनदा सुटतो.